हाताचं दुखणं, छातीचे टाके

लानचौ, थंडी संपता संपत नाही

प्रिय अक्का,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (उत्तर थोडक्यात लिही, मागच्या वेळी गुडघ्यांनी दोन पानं खाल्ली.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो तर ते स्वयंपाकघरात गुइफांगलाही ऐकू जाईल, आणि लपवायचंय ते माझ्या या बायकोपासूनच.

मागच्या पत्रात तू माझ्या हाताची फार काळजीने चौकशी केलीस. अक्का, मी जन्मभर दुकानात नूडल्स ओढल्या. एकदा कढईतलं उकळतं पाणी मनगटावर सांडलं, तेव्हा तू ‘होईल बरं’ म्हणून फोन ठेवला होतास. आणि आता एकाएकी हाताचा एवढा पुळका? म्हणजे तुलाही तिने पढवून ठेवलंय. तेव्हा ऐक. माझे हात ठणठणीत आहेत. बिघडलंय ते हृदय. त्याच्या नळ्या तुंबल्यात आणि पुढच्या गुरुवारी छाती उघडून ऑपरेशन आहे. हे मला सोडून सगळ्या वसाहतीला माहीत आहे, असं गुइफांग समजते.

झालं असं, की डॉक्टरीणबाईंनी तिला आणि आमच्या पोराला, वेइमिंगला, बाहेर बोलावलं, नेहमीची रीत. (बाबांच्या वेळी आपणही ‘पोटात वारा धरलाय’ म्हणून सांगायचो, आणि तेही बिचारे मान डोलवायचे. आता वाटतं, तेही नाटकच करत असणार.) पण गुइफांगची कुजबुज तुला ठाऊक आहे. भाजीबाजारात तिने कानात सांगितलं तर पलीकडच्या गल्लीतला माणूस ‘हो’ म्हणतो. सगळं ऐकू आलं. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं रक्त थोडा वेळ थांबवावं लागतं. त्याने इजा होतेच, पण ते परत सुरू झालं की त्यानेही होते. (उपाशी माणसाला एकदम लग्नाच्या पंगतीला बसवल्यावर होईल तसं.) म्हणून आधी काही दिवस दंडांना पट्टे बांधून रक्त जरा अडवायचं, जरा सोडायचं. हातांना अशी थोडी थोडी उपासमार घडली की हृदयही सोसायला शिकतं, अशी आशा आहे. हमखास नाही, बाई स्पष्ट म्हणाल्या. मला मात्र पटलं. पिठाचा गोळाही ओढायचा, झाकून ठेवायचा, परत ओढायचा असतो. न विसावलेला गोळा तुटतो.

आता पट्टे हाताला, म्हणून गुइफांगने दुखणंही हाताचं ठरवलं. ‘इतकी वर्षं ओढाओढ केलीत, शिरा आखडल्यात.’ बरं, म्हटलं. मग म्हणाली, त्यासाठी पायातली एक नस काढावी लागेल. बरं. आणि हाताकडे जायचा रस्ता छातीतूनच असतो, तेव्हा तिथे थोडे टाके पडतील. यावरही मी ‘बरं’ म्हणालो. अक्का, इतका बावळट तर मी माझ्या लग्नातही दिसलो नव्हतो! पण खोटं बोलून झाल्यावर तिचा चेहरा असा काही खुलला, की मला तो मोडवेना.

रोज सकाळी ती मला खुर्चीत बसवते आणि दोन्ही दंडांना पट्टे चढवते. यंत्र घुर्र करतं, पट्टे फुगतात, हातांना मुंग्या येतात आणि मला हलता येत नाही. ही संधी गुइफांग वाया घालवेल? ती माझी नखं कापते, कानातले केस उपटते, लाल खजुराचं सूप चमच्याने कोंबते, आणि लग्नात आपल्या आत्याने तिच्या बुटांना नावं ठेवली तिथपासूनच्या तक्रारी क्रमाने मांडते. पट्टे सुटतात. मी उत्तर द्यायला तोंड उघडतो. तेवढ्यात यंत्र परत घुर्र करतं. हृदय सोसायला शिकतंय यात मला तरी शंका उरलेली नाही.

शेजारीपाजारी हाडांचं सूप, मलमं, औषधी दारू घेऊन येतात. विचारतात हाताबद्दल, बघतात छातीकडे. खालच्या मजल्यावरचा म्हातारा मेंग तर यंत्रावर इतका भाळला, की बायकोचा नाचाचा रेशमी रुमाल दंडाला करकचून बांधून बुद्धिबळाला बसला आणि डाव रंगल्यावर विसरला. पंजा वांग्यासारखा जांभळा झाला तेव्हा गुइफांगने रुमाल कात्रीने कापला. घाबरून मेंग ओरडला, ‘अरे बाबा, हे छातीचं ऑपरेशन तुझं तुलाच लखलाभ!’ गुइफांगने त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, ‘तो त्याच्या कुत्र्याचं बोलतोय.’

आता मी रोज त्याला कुत्र्याची तब्येत विचारतो. कुत्रा समोर मांजरामागे धावत असतो आणि मेंग सांगतो, ‘फार अशक्त झालाय रे.’ परवा मी त्या कुत्र्यासाठी सूप पाठवलं. ते मेंगच प्यायला असणार. एकूण काय, अक्का, इतके मजेत दिवस कित्येक वर्षांत गेले नव्हते. काळजी नसावी.

तुझा, हाताने धडधाकट,
देशान

ता. क. – काळजी नसावी हे उगीच लिहिलं. मला भीती वाटते. पण माझ्या भीतीला भूल देऊन झोपवतील, गुइफांगच्या भीतीला कोण झोपवणार? वेइमिंग कागद घेऊन पळत असेल आणि ही ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर एकटी गप्प बसेल. ती गप्प बसलेली मी कधी पाहिलेली नाही, आणि माझ्यापायी तिने बसू नये. तू बुधवारीच ये. तिच्या शेजारी बस, तिच्याशी भांड, तुला छान जमतं. पण मला सगळं ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नकोस.

आणखी एक – पत्र टपालात टाकायला मेंगकडे देतोय. घरात कुणाचाच भरवसा नाही.

वन्सं, मेंगने पत्र सरळ मला आणून दिलं. वाचलं. पण यांना कळलंय हे मला महिन्याभरापासून माहीत आहे. हात बरा करून घरी येणार असं समजणारा माणूस बायकोला फ्यूज घालायला शिकवतो का? हिटरच्या गरम पाण्याच्या नळ्यांत अडकलेली हवा कशी काढायची, नळाचा वायसर कसा बदलायचा, रोज एक नवीन धडा. मी मुद्दाम शिकत नाहीये. मला सगळं येतं असं वाटलं, तर हा माणूस निवांत होऊन जाईल. त्यांना निवांत होऊ द्यायचं नाही मला. तुम्ही बुधवारी याच, आणि यांना काही बोलू नका. मोरीतला नळ गळतोय, बादली ठेवलीय. घरी आले की तेच नवा वायसर बसवतील.