तीन सामने, दोन गोल

मी, विल्फ्रेड ऑर्मरॉड, वय अडुसष्ट, निवृत्त सुतार, राहणार ७, टेंटर स्ट्रीट, ब्रॅकनशॉ, लँकेशायर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागाचे त्यांनी विचारले नाही. तोही ठिकाणावर आहे.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. ते माझे होते, म्हणून तो अधिकार मला आहे.

२. राहते घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझी मुलगी मॉरीन हिला. तिची आई एडना गेल्यापासून दर रविवारी तिने मला जेवू घातले आणि माझी बडबड ऐकली. दुसरे काम जास्त कष्टाचे होते.

३. सुतारकामाची हत्यारे जावई डेरेक यांना, मोठा रंधा सोडून. तो त्यांनी एकदा नेला आणि पाते गंजवून परत आणला. रंधा शेजारच्या मिसेस पिलिंग यांना द्यावा. त्यांना तो चालवता येत नाही, पण त्या तो कोरडा ठेवतील.

४. ब्रॅकनशॉ टाउन फुटबॉल क्लबचा निळा शर्ट, पाठीवर ११. हा क्लबला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. कारण लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कुणी मॉरीनला गोड बोलून गुंडाळणार नाही.

ऑगस्ट १९३९ मध्ये मी एकवीस वर्षांचा होतो आणि क्लबकडून मैदानाच्या डाव्या बगलेला खेळत होतो. लीगचे तीन सामने खेळलो. तिसरा २ सप्टेंबरला, शनिवारी. त्यात मी दोन गोल केले. रविवारी युद्ध जाहीर झाले. लीगने हंगाम आवरता घेतला आणि ते तिन्ही सामने नोंदीतून पुसून टाकले. क्लबने पगार थांबवला, पण माझी नोंदणी सोडली नाही. मी सैन्यात गेलो, तरी दर मे महिन्यात छावणीत क्लबचे पत्र यायचे: तुम्हाला राखून ठेवले आहे, इतरत्र करार करता येणार नाही. १९४३ मध्ये एका मोठ्या क्लबला मी कायमचा हवा होतो. आमच्या लोकांनी परस्पर नकार कळवला. १९४६ मध्ये लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो. एका ओळीच्या पत्राने त्यांनी मला मोकळे केले.

गेल्या वर्षी क्लबचे शताब्दीचे पुस्तक निघाले. त्यात प्रत्येक खेळाडूचे नाव आहे. पहिल्याच सामन्यात पाय मोडून घरी बसलेल्याचेही आहे. माझे नाही. मी चिटणीस हेस्केथ यांच्याकडे गेलो.

"विल्फ, ते सामने कुणी धरतच नाही. कागदोपत्री तुम्ही आमच्याकडून खेळलाच नाहीत," ते म्हणाले.

"मग सात वर्षं दावणीला कुणाला बांधलं होतंत?"

त्यांनी चहा मागवला. म्हणाले, पाठीवर आकडे त्याच वर्षी आले, त्यामुळे तो शर्ट त्यांच्या काचेच्या कपाटात शोभेल. शिवाय मी गेल्यावर माझी राख मैदानात टाकायला त्यांची हरकत नाही, जुन्या प्रेक्षकांची टाकतात तशी. प्रेक्षकांची. मी चहा तसाच ठेवून उठलो.

माझा राग युद्धावर नाही. युद्धाने ज्यांचे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त नेले, अशी माणसे या गल्लीतच होती. राग या लोकांवर आहे. बांधून ठेवायला मी त्यांचा होतो, मोजायला नव्हतो.

५. मला एडनाशेजारी पुरावे, तो शर्ट अंगात घालून. दगडावर नावाखाली कोरावे: लीगचे सामने ३, गोल २. हे कच्च्या मसुद्यात वाचून मॉरीनने कपाळाला हात लावला.

"बाबा, थडग्यावर कुणी गोल लिहितं का? लोक हसतील."

हसू देत. हसण्याआधी वाचावे लागेल.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मॉरीनने करावी. दगडाच्या बाबतीत तिने तडजोड करू नये.

ठिकाण: ब्रॅकनशॉ
दिनांक: १४ मार्च १९८७
(सही) विल्फ्रेड ऑर्मरॉड

साक्षीदार १: (सही) जोन क्रॅबट्री, वकिलांच्या कचेरीतील टंकलेखिका.

साक्षीदार २: (सही) सिडनी ब्लेझर्ड, वय एकाहत्तर, निवृत्त पोस्टमन. वकिलांनी फक्त सही करायला सांगितले, तरी हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. २ सप्टेंबर १९३९ रोजी समोरच्या संघाचा गोलरक्षक मी होतो. दोन्ही गोल माझ्यावर झाले. पहिला कुणालाच अडवता आला नसता. दुसरा मी अडवायला हवा होता.