सात दिवसांची गार चूल

१९ जानेवारी १९०७

— आणि परवा सकाळी मी पावाचं पीठ मळत होते. जेरार्दो दारात बसून बुटांत वर्तमानपत्राचे कागद कोंबत होता, थंडीसाठी. म्हणाला, "आज पाव जरा जास्त भाज. कडा कडक हव्यात." मी म्हटलं, चूल माझी आहे, तू तुझी खाण बघ. तेवढंच बोलणं झालं. दुपारी खाणीत ग्रॅनाइटचा दगड साखळीतून सुटला.

चार माणसं माझ्या नवऱ्याला फळीवर घेऊन आली. मी आधी चूल विझवली. मग रडले.

आज तिसरा दिवस. तिकडे इटलीत, आमच्या गावात मरण झालं की त्या घरात सात दिवस विस्तव नसतो. शेजारणी पाळीपाळीने जेवण आणतात, कोंबडीचा रस्सा, शेवया, आणि बळेबळे भरवतात. सासूबाई म्हणायच्या, दुःखाच्या घरात चूल पेटली तर गेलेल्याचा पाय उंबऱ्यातच अडकतो.

अजून कोणी आलं नाही. इथे परदेशात, या गल्लीत इटलीचं दुसरं घर नाही. सगळे आयरिश.

२० जानेवारी

आज आल्या! शेजारची ब्रिजेटबाई आणि आणखी तिघी. हात रिकामे. तासभर बसल्या, चुलीकडे बघत राहिल्या, उठून गेल्या.

जिन्यातलं त्यांचं बोलणं माझ्या थोरल्या आसुंताने ऐकलं. शाळेत जाऊन तिला इंग्रजी कळतं. "मयताच्या घरी गेलो आणि साधा चहा नाही. हे लोक आपल्याला माणसांत धरत नाहीत, बाई." त्यांच्यात म्हणे आलेल्यांना मयताच्या घरानेच खाऊ-पिऊ घालायचं असतं.

"मग आपलं जेवण कोण आणणार?" आसुंताने विचारलं. नऊ वर्षांची आहे.

येईल, म्हटलं. उरलेला पाव पाण्यात भिजवून दोघी मुलींना दिला.

२१ जानेवारी

बादलीतलं पाणी गोठलं. गावी खेचर आणि डुकरं आमच्याच खोलीत असायची, त्यांची ऊब पुरायची. इथे ऊब म्हणजे चूलच.

धाकटी मिकेलिना खोकते आहे. दोन वर्षांचा जीव. जेरार्दोचा कोट तिच्यावर घातला. आसुंताने चुलीपाशी काडी ओढली, तर मी तिच्या हातावर मारलं. म्हटलं, "बाबांना अडकवायचंय का तुला?"

जमीन गोठली आहे म्हणून त्याला अजून पुरलंही नाही. वसंतापर्यंत कबरस्तानातल्या दगडी खोलीत ठेवणार. निदान त्याची वाट तरी मोकळी असावी.

२२ जानेवारी

खोकला छातीत उतरला. आता सातातला एकच दिवस उरला.

२३ जानेवारी

आसुंता मला न विचारता शेजारी गेली. ब्रिजेटबाई ओच्यात कोळसा घेऊन धावत आली. चूल पेटवली, रस्सा चढवला, मिकेलिनाचे पाय पोटाशी धरले. मी अडवलं नाही. मग ती माझ्याकडे न बघता काहीतरी बोलली. आसुंताने सांगितलं, "त्या म्हणतात, आम्ही चहाची वाट बघत बसलो आणि तुम्ही जेवणाची. आणि मधे ही पोर."

डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी बोलवायला हवं होतं.

वाचायला मी माझी मीच शिकले, संतांच्या दिनदर्शिकेवरून. आज तिच्यातल्या एकेका संताचं नाव घेतलं.

२६ जानेवारी

मिकेलिना पहाटे गेली.

मी तिचे केस विंचरत होते. मागे खरवडल्याचा आवाज आला. आसुंता चुलीतले निखारे बाहेर ओढत होती. त्यांवर पाणी ओतलं, हात फ्रॉकला पुसले आणि बाकावर जाऊन बसली. ओठ निळे.

"परत सात दिवस ना, आई?"

मी जेरार्दोचा कोट तिच्याभोवती गुंडाळला.

२७ जानेवारी

मिकेलिनाला कबरस्तानातल्या दगडी खोलीत, तिच्या बाबांशेजारी ठेवून आलो. न्यायच्या आधी, उजाडलंही नव्हतं तेव्हा, मी चूल पेटवली.