आधी बबून, मग कुडू

सोमवार, ९ जुलै

पाच बंदुका. एक कुडू. बबून एकही नाही.

वडिलांच्या वेळेपासूनचा नियम साधा आहे. हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत, आमच्या जमिनीवर शिकारीला येणाऱ्याने आधी एक बबून मारायचा, कारण ही माकडं शेळ्यांची करडं फाडतात, मग त्याला हवं ते हरीण, कुडू किंवा स्प्रिंगबोक. पैशाचा संबंध नाही. आणि आज सकाळी नऊलाच सर्फासने ओढ्याकाठी कुडू पाडला. सर्फास माझा धाकटा भाऊ, आणि यंदा टोळीचा म्होरक्याही तोच. विचारलं तर म्हणतो, "समोर येऊन उभाच राहिला, ताई. त्याला काय सांगायचं, थांब बाबा, आधी बबून?"

होय. तेच सांगायचं होतं.

मंगळवार, १० जुलै

गाडी अंगणातून निघाली की कड्यावरचा पहारेकरी बबून भुंकतो. गाडी घळीपर्यंत पोचते तेव्हा कडा रिकामा असतो. हे चार दिवस असंच चालणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. या पाच जणांना कळत नाही. आज पुन्हा गाडीतूनच गेले, कारण त्यांच्यातल्या डॉक्टरच्या गुडघ्याला चढ झेपत नाही. मग आलात कशाला?

गेल्या वर्षी त्रेसष्ट करडं गेली. बबून पोट फाडतो, आतलं दूध खातो आणि बाकीचं तिथेच टाकतो. मी ती उचलली आहेत, एकेक, हातांनी. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शेळ्या व्यायला लागतील. यंदा तीसच्या वर करडं गेली तर अंगोरा शेळ्यांचा कळप विकायचा, आठ फुटी कुंपण घालायचं आणि सगळी जमीन हरणांना नि शिकाऱ्यांना सोडायची, असा शब्द मी सर्फासला देऊन बसले आहे. रागात दिला. पण दिला. जमीन दोघांची आहे. कळप माझा, एकोणतीस वर्षांचा.

त्या कड्यावर पूर्वी वीस-पंचवीस बबून असायचे. आता आमच्या गड्याने, फ्लोर्सने, सत्तर मोजले. कुठून आले, कोण जाणे.

बुधवार, ११ जुलै

तीन स्प्रिंगबोक. मांसाच्या पट्ट्या कापून त्यांना मीठ, धणे आणि व्हिनेगर लावण्यात दुपार गेली. माझी. ते निखारे फुंकत बसले होते.

गुरुवार, १२ जुलै

सकाळी कॉफीच्या वेळी स्पष्ट सांगितलं. बबून पुरुषाला लांबून ओळखतो आणि पळतो. बाईला बघून जागचा हलत नाही. तेव्हा तुमच्यापैकी दोघांनी माझे झगे घाला, डोक्याला रुमाल बांधा, हातात टोपली घ्या, आणि चालत जा. इथले शेतकरी पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत.

डॉक्टर खोकत खोकत हसला. "ताई, तुमचा झगा माझ्या एका मांडीला पुरेल."

"मग दुसरी मांडी उघडी ठेवा," मी म्हटलं. "बबूनांना तेवढीच करमणूक."

सर्फास मात्र हसला नाही. "बाबांनी जन्मात झगा घातला नसता."

फ्लोर्स विंटफोगल दाराशी उभा होता. आमच्याकडचा माग काढणारा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. टोपी हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "निळा होता. आईसाहेबांचा. मागची बटणं मीच लावून द्यायचो."

 तरी झगा कुणी घातला नाही. सर्फास जाता जाता मला म्हणतो, "स्टेलेनबॉश विद्यापीठात चार वर्षं प्राणिशास्त्र शिकलीस ना? जा, समजावून सांग बबूनांना." चाळीस वर्षं हेच ऐकते आहे.

संध्याकाळपर्यंत आणखी एक कुडू. शिंगं चांगली आहेत म्हणे. शिंगांनी माझी करडं वाचत असतील तर आनंद आहे.

शुक्रवार, १३ जुलै

मीच गेले. मला वेश घ्यावा लागत नाही. रोजचाच झगा, एप्रन, हातात टोपली. रायफल एप्रनखाली, नळी खाली धरून. वाकत, काटक्या गोळा करत चढले. पहारेकऱ्याने एकदा बघितलं आणि मान फिरवली. इतकं सोपं. साठ पावलांवर कळपातला म्हातारा नर खडकावर ऊन खात बसला होता. पाठ रुंद, तोंडावर पांढरे केस. गेल्या वर्षीपासून याच्यावर डूख धरून आहे.

गोळी खाली लागली. पोटात. नेम माझाच चुकला हे इथे लिहून ठेवते, बाकी कुणाला सांगणार नाही. तो ओरडला, कोसळला, उठला, आणि घळीत उतरला.

खाली येऊन सांगितलं की जखमी आहे, मागावर चला. सगळे मांस बांधत होते.

"बबूनच ना," डॉक्टर म्हणाला. "मरेल आपोआप."

कुडू जखमी झाला असता तर हेच पाच जण काळोख पडेपर्यंत गुडघ्यांवर रांगले असते. वडील म्हणायचे, ज्याला भोक पाडलंस त्याला शोधल्याशिवाय जेवायचं नाही. कुठलं जनावर ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सर्फासकडे बघितलं. तो दोरीची गाठ मारत राहिला.

मी आणि फ्लोर्स गेलो. रक्त दोनशे पावलं स्पष्ट, मग खडकावर थेंब थेंब. अंधार पडला तसं परत फिरलो. मी जेवले नाही. फ्लोर्सही नाही.

उद्या दुपारी ही मंडळी घरी जातील. एकूण हिशेब: कुडू दोन, स्प्रिंगबोक तीन, बबून अर्धा — तोही माझा.

शनिवार, १४ जुलै

उजाडताच सापडला. घळीच्या वरच्या टोकाला, जिथे मी दोन वर्षांत गेले नाही. मेलेला. त्याच्याभोवती सगळी जमीन मक्याच्या कोंड्याने पांढरी झालेली, आणि त्यात बबूनांची विष्ठाच विष्ठा. सत्तर तोंडं इथे जेवतात.

"हे कोण टाकतं?" मी विचारलं.

"मी," फ्लोर्स म्हणाला. "दर आठवड्याला दोन पोती, कुडूंसाठी. दुष्काळात तुम्ही सांगितलं होतं, बाई."

सांगितलं होतं. आठवलं. कोठाराच्या दारात उभी राहून, वर न बघता. आणि त्यानंतर कोठारातून जाणारी पोती मी शेळ्यांचीच समजत आले.

"दुष्काळ संपून दीड वर्ष झालं, फ्लोर्स. विचारायचं नाही मला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच इतकं सरळ.

"तुम्हाला, बाई? उलटं विचारायची सोय कधी होती?"