दुपारची जागा

वसई
सोमवार, १२ फेब्रुवारी २००१

बायजामावशी,

लांबूनच तुझ्या पाया पडते. जवळ येऊनच पडले असते, पण गेल्या आठवड्यात दोनदा पाचूबंदरला आले आणि दोन्ही वेळा तू पाठ फिरवलीस. पहिल्यांदा वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबील सारखे करत होतीस. दुसऱ्यांदा तर वलांडी रिकामी होती, तरी तिच्याकडेच तोंड करून उभी! म्हणून हे पत्र. शेजारच्या कॅथरिन टीचर वाचून दाखवतील. टीचर, सावकाश वाचा, आणि मावशीला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नका.

आमच्याकडे सगळं बरं आहे. हरेशदादाच्या वाडीत तोंडली चांगली धरली आहेत. वहिनीचा गुडघा दुखतो, तरी पहाटे टोपली घेऊन बाजारात जातेच. तुझा खोकला कसा आहे? अडुळशाचा पाला पाठवला होता, तो घेतलास की तोही फेकून दिलास?

नव्या बाजारात कोणाला ओटे मिळणार त्या यादीचं तुझ्या कानावर आलंच आहे. मावशी, यादी करताना चूक झाली. पाहणी सकाळी झाली, त्यामुळे सकाळी बसणाऱ्या बायकांचीच नावं लिहिली गेली. दुपारच्या राहिल्या. सरकारी कामात असं होतं.

तुला राग आलाय, पण जरा माझंही ऐक. आपल्या जुन्या वसईत उरलंय काय? बँक स्टेशनकडे गेली. कापडाचं मोठं दुकान गेलं. डॉक्टरसुद्धा आठवड्यातून दोनच दिवस इकडे बसतात. सगळा पैसा स्टेशनच्या बाजूला धावतो आणि आपण कोर्टात येणाऱ्या माणसांना चहा पाजतो. नगरपरिषदेवर निवडून आल्यापासून चार वर्षं मी चपला झिजवल्या तेव्हा कुठे सरकारी योजनेतून बाजाराचा अर्धा खर्च मंजूर झाला. उरलेला अर्धा घालायला कौस्तुभ नावाचा बिल्डर तयार झाला. वय माझ्या निम्मं, पण बोलणं असं की वाटावं याला आपल्या गावाची माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे. खाली पक्के ओटे, नळ, गटार, वर छप्पर. वरच्या मजल्यावर दुकानांचे गाळे, ते विकून तो आपला पैसा काढणार. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र त्याने दाखवलं तेव्हा मला रडू आलं, खरंच सांगते. त्यात बाजाराच्या दारात झाडं होती!

एकतीस मार्चच्या आत काम सुरू झालं नाही तर सरकारचे पैसे परत जातात. म्हणून घाई झाली. घाईत चूक झाली.

हे वरचं मी सकाळी लिहिलं होतं. आता दीड वाजलाय आणि मी बाजारात आईच्या जागेवर बसून पुढचं लिहितेय. म्हणजे तुझ्याच जागेवर. तुझी वेळ झालीय आणि जागा रिकामी आहे. यादी लागल्यापासून दुपारच्या अशा एकेचाळीस जागा रिकाम्या आहेत. आज मी मोजल्या.

मावशी, चूक झाली नाही. मला माहीत होतं.

मला नाही माहीत तर कोणाला? आई सकाळी अळू, केळी, मोगरा घेऊन बसायची. बाराला उठायची, बादलीभर पाण्याने जागा धुवायची, गोणपाट उलटं घालायची आणि कोपऱ्यात तुझ्यासाठी कोथिंबिरीची जुडी ठेवायची. एकला तू सुकी मासळी घेऊन यायचीस. संध्याकाळी तू धुवायचीस, आणि कोपऱ्यात उपड्या डब्याखाली आईसाठी मूठभर जवळा ठेवायचीस. उठणारीने जागा धुवायची, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. जागेची पावती मात्र आईच्या नावाने फाटायची, आणि अर्धे पैसे तू तिच्या पदरात बांधायचीस. तीस वर्षं असं चाललं, आईनंतर वहिनीशीही तसंच. कागदावर तू कधीच नव्हतीस.

कौस्तुभ एवढंच म्हणाला, "ताई, दुपारी खाली सुकटाचा वास असेल तर वरचे गाळे कोण घेईल? मला परवडणार नाही." तुमची नावं काढा असं तो म्हणाला नाही. तेवढं त्याला म्हणावंच लागलं नाही. पाहणीची वेळ मीच ठरवली. सकाळी आठ ते अकरा. आणि अकराला मी वही मिटून घरी गेले, सही करून.

आणि यादी लागली त्या दिवशी तू कचेरीत आलीस. यादीत नाव शोधायला तुला वाचता येत नव्हतं, म्हणून कारकुनाला विचारलंस, "माझं नाव कंच्या पानावर हाय?" तो म्हणाला, "पावती दाखवा." तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलाशीच उभी होते. तू म्हणालीस, "पावती कशाला? ही जिजा सांगंल की मी कोन ती."

मी फाईल चाळत राहिले.

निवडणुकीत माझ्यासाठी ओरडून ओरडून तुझा घसा बसला होता. "वेणूची पोर हाय, आपली हाय!" त्या तुला मी कारकुनासमोर ओळख दिली नाही. लाज वाटते मला.

नव्या यादीत चौदा नंबरचा ओटा आमच्या वहिनीच्या नावावर आहे, दिवसभरासाठी. मला वाटलं होतं ती खूश होईल. परवा दुपारी ती घरी आली आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या ताटाशेजारी ठेवली. सुकून गेली होती. म्हणाली, "जागा धुतली, दोन वाजेपर्यंत वाट बघितली. बायजामावशी येत नाहीत. आता ही तुम्हीच खा." मी जेवले नाही.

आता नीट ऐक. शुक्रवारी तीन वाजता परिषदेची सभा आहे. मी उभी राहून सांगणार आहे की पाहणी मी मुद्दाम सकाळी केली आणि माझी यादी खोटी आहे. दुसरी यादी जवळजवळ तयार आहे. प्रत्येक ओट्यावर दोन नावं, सकाळची आणि दुपारची. चौदा नंबरवर वहिनीने आधीच अंगठा उठवून शेजारी सहीही केलीय, एक पुरत नाही म्हणाली.

पुढे काय होईल मला सांगता येत नाही. कौस्तुभ अंग काढून घेईल. तो गेला तर सरकारचे पैसेही जातील, आणि ज्या सकाळच्या बायकांना मी पक्के ओटे कबूल केलेत त्या माझं नाव टाकतील. त्यांचं तरी काय चुकलं? पावसाळ्यात चिखलात बसतात बिचाऱ्या. कदाचित तो थांबेलही, गाळे थोडे स्वस्त विकेल. कदाचित आपल्या गावात पुढची दहा वर्षं कोणी पैसा घालणार नाही आणि सगळे म्हणतील, जिजाने घालवला. दोन दिवस हेच डोक्यात फिरतंय. पोळी तव्यावर करपते आणि मला वास येत नाही.

तू सभेला ये असं सांगायला मला तोंड नाही. पण दुपारच्या एकेचाळीस जणींमध्ये अडतीस नावं मला आठवली, तीन आठवत नाहीत. ती तुलाच माहीत असणार. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, कॅथरिन टीचरना सांग, त्या लिहून पाठवतील. तुझं नाव मी सगळ्यात वर लिहिलं आहे. पहिल्यांदाच लिहिलं, मावशी. बायजा एवढंच मला माहीत होतं. आडनाव वहिनीला विचारावं लागलं.

आता उठते. बादली आणलीय. जागा धुऊन ठेवते.

सकाळच्या वेणूची मुलगी,
जिजा