गार्नेटांच्या घरची साखर

थॉर्नबेक, १२ मे १८१८

चि. अँब्रोज यास,

अ. उ. आ. तुझं पुस्तक पोचलं. कातडी बांधणी, सोनेरी नाव आणि पहिल्याच पानावर लॉर्डसाहेबांना अर्पण. एवढा थाट बघून एनॉकनं आधी हात धुतले आणि मग ते उघडलं. भावाच्या कवितांपायी गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवणारा वाणी अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल.

त्यानं पुस्तक दोनदा चाळलं. 'कडू पेला' ही तुझी कविता त्यात नाही. छापणाऱ्याकडून राहून गेली असेल, असं तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, दुसऱ्या भागात असेल.

तू ती लिहिलीस तेव्हा एनॉक नुकता दुकानावर बसू लागला होता. गुलामांच्या घामाची साखर मी चहात घालणार नाही, माझा पेला कडूच राहू द्या, असं तू लिहून मोकळा झालास, आणि या वेड्यानं दुकानातली सगळी साखर ओढ्यात ओतली. लॉर्डसाहेबांच्या हवेलीचं गिऱ्हाईक तुटलं ते कायमचंच. तेव्हापासून या घरात साखरेचा कण आलेला नाही. आमच्या चॅपलची माणसं त्यासाठीच लांबून त्याच्याकडे सामान भरायला येतात, आणि त्यांची पोरं तुझी कविता दर रविवारी चॅपलच्या शाळेत घोकतात. तेव्हा ती का गाळलीस ते खरं खरं कळव. त्याला काय सांगायचं ते मी बघेन.

कॅरोलाइनला आशीर्वाद. तुमच्या छोट्या फीबीचा ताप उतरला का तेही लिही. मोठ्या माणसांत वावरतोस, पण आमच्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई,
हेस्टर


ऑर्म हॉल, ३ जून १८१८

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं अक्षर अजून तसंच आहे. कॅरोलाइनला वाटलं, शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून गेली. फीबीचा ताप येतो जातो.

कविता मीच गाळली. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि डोक्यात फ्रान्सच्या क्रांतीचं वारं शिरलं होतं. आता गुलामांचा व्यापार कायद्यानं बंद होऊनही बरीच वर्षं झाली. म्हणजे त्या कवितेचं काम झालं, असं मी मानतो. लॉर्डसाहेबांचे जमैकात मळे आहेत हे तुला ठाऊक आहे. तिथली माणसं सुखात आहेत असं ते स्वतः सांगतात, आणि ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हेत.

आता एक अडचण सांगतो. निवडणुकीला त्यांचे चिरंजीव उभे आहेत. आईच्या वाटणीच्या कुरणामुळे एनॉकला मताचा हक्क आहे. कारभाऱ्यांनी परवा हसत हसत विचारलं, की कवीचा सख्खा भाऊच विरोधकांची पिवळी फीत लावून फिरणार असेल, तर कवीच्या शब्दाला काय किंमत. ताई, हे घर त्यांचं, माझं वर्षासन त्यांचं, फीबीसाठी डॉक्टर येतो तोही त्यांनीच पाठवलेला. एनॉकनं मतदानाच्या ओट्यावर चढून चारचौघांत चिरंजीवांचं नाव घेतलं की झालं. एका शब्दाचं तर काम आहे. मी थेट त्याला लिहिलं तर त्याला वाईट वाटेल. तू समजावलंस तर ऐकेल.

तुम्हा दोघांच्या जिवावर मी उड्या मारतो, हे विसरलेलो नाही.

तुझा,
अँब्रोज


थॉर्नबेक, १० जून १८१८

चि. अँब्रोज यास,

अ. उ. आ. मला समजावायची वेळच आली नाही. तुझं पत्र आलं की एनॉक ते दुकानात मोठ्यानं वाचून दाखवतो, हे तू हवेलीत जाऊन विसरलास. म्हाताऱ्या मिसेस डकेट मेणबत्त्या घ्यायला आल्या होत्या, आणखी चारपाच जणी होत्या. कोंबडीशी सगळ्या हसल्या. कविता मीच गाळली, इथपर्यंत त्यानं वाचलं. मग थांबला आणि बाकीचं मनात वाचलं. घडी घातली, मेणबत्त्या बांधून दिल्या.

रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, की फीबीचा ताप जात नाही म्हणजे बरं नव्हे. मी त्याला बजावलं, की हा एक शब्द उच्चारलास तर चॅपलचं एक माणूस तुझी पायरी चढणार नाही. त्यावर तो म्हणाला, दादाला पोरंबाळं आहेत, मला कोण आहे. मी समोर बसले होते. मला इतका राग आला की ताट उचलून आत गेले.

म्हणून मीच मागणं मागते. त्याला एक ओळ लिही, की तुझ्या मनाला पटेल तेच नाव घे, माझं मी बघेन. तुझ्या शब्दाशिवाय तो मागे फिरायचा नाही. त्याच्याजवळ चार माणसांतली पत आहे, दुसरं काही नाही, आणि तीही तुझ्याच कवितेवर उभी आहे. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. तेवढं केलंस तर आयुष्यभर तुझं कौतुक करीन.

वाट बघते.

ताई


ऑर्म हॉल, ३ जुलै १८१८

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं, पण हॉलवर पाहुण्यांची रीघ लागली आणि उत्तर राहून गेलं. आता तर लिहायचं कारणच उरलं नाही. एनॉकनं माझा शब्द राखला.

मतदानाच्या वेळी मी ओट्यासमोरच्या खाणावळीच्या माडीवर लॉर्डसाहेबांच्या मंडळींत होतो. गर्दीनं त्याला जरा सतावलं, ते दिसलं. खाली यावंसं फार वाटत होतं, पण तेवढ्यात जेवायला बसायची वेळ झाली. संध्याकाळी कारभारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की उगीच काळजी केलीत, तुमचं वर्षासन तर साहेबांनी मे महिन्यातच कायम केलंय, भावाचं मत म्हणजे आपली एक शोभा. ऐकून इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

फीबी खडखडीत बरी आहे. सोबत हॉलच्या कोठारातली साखरेची एक मोठी ढेप पाठवतो. आता त्या जुन्या हट्टाला काही अर्थ नाही. एनॉकला म्हणावं, चहा गोड करून घे.

धाकट्याला जवळ घेतलं म्हणून सांग.

अँब्रोज


थॉर्नबेक, ९ जुलै १८१८

अँब्रोज,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. राहून गेला असं समजू नकोस.

तू जेवायला बसलास, तेव्हाचं सांगते. एनॉकनं नाव इतकं हळू घेतलं की मतं लिहून घेणाऱ्यानं त्याला पुन्हा उच्चारायला लावलं. तो खाली उतरला आणि आपल्या चॅपलच्या माणसांनी 'कडू पेला' म्हणायला सुरुवात केली. आधी पुरुषांनी, मग बायकांनी, मग रविवारच्या शाळेतल्या पोरांनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मिसेस डकेट त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत होत्या. तो टोपी हातात घेऊन, ती संपेपर्यंत पायरीशी उभा राहिला. घरी येताना मला म्हणाला, एकानंही ओळ चुकवली नाही, दादाला ऐकून बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून दुकानात चॅपलचं कुणी आलेलं नाही. हवेलीवालेही आलेले नाहीत. त्यांना तो एका शब्दापुरताच हवा होता.

शनिवारी तुझी ढेप आणि पत्र आलं. दुकान रिकामं होतं, तरी त्यानं पत्र मोठ्यानंच वाचलं. वर्षासन मे महिन्यातच कायम झाल्याचंही वाचलं. या वेळी तो मध्ये थांबला नाही.

मी ढेप ओढ्यात टाकायला निघाले, तर त्यानं अडवलं. दादानं पाठवली आहे, म्हणाला. साखर तोडायचा अडकित्ता या घरात कुठला असणार. त्यानं कोळशाची हातोडी धुऊन आणली आणि तिनं ढेप फोडली. मग चहा ओतून मला विचारलं, की किती घालतात. मला सांगता येईना. त्यानं एक खडा घातला, चव बघितली, आणखी एक घातला आणि सगळा पेला प्यायला. मी घेतला नाही.

तुला कळवायला त्यानं बजावलं आहे, म्हणून कळवते. साखर चांगली आहे.

हेस्टर गार्नेट