सुट्टी मिळेपर्यंत

अहो,

आज कोर्टात तुमचे वकील म्हणाले, "साहेब, ते सीमेवर आहेत. सुट्टी मिळेपर्यंत तारीख पुढे ढकला." न्यायाधीशांनी ऐकलं. घटस्फोट मागितला मीच, तरी माझा जीव भांड्यात पडला.

क्वार्टरवर आले, तर लेक तुमचे जुने बूट पॉलिश करत बसली होती. "बाबा येणार ना कोर्टात सहीला?" मी "हो" म्हणाले आणि मोरीत जाऊन रडले.

एकटीनं राहून थकले, म्हणून अर्ज केला. आता तुम्हाला सुट्टी मिळाली, की आपण वेगळे. तरी तुम्ही दारात दिसावं असंच वाटतं.

हे पत्र टाकत नाही. तिथे पहाऱ्यावर तुमचं लक्ष उडायला नको.

निकाल लागेपर्यंत तरी,
तुमचीच