शिरोड्याची रहिवासी

प्रिय संचिता,

तुझ्या ओवीचा खोकला एव्हाना थांबला असेल, असं मी आपलं मनाशी धरलं आहे. विचारायला माझ्याकडे फोन नाही. दुरुस्तीला टाकतो म्हणून मंगेशने नेला, तो परत आलाच नाही. तू त्याच्या फोनवर विचारतेस तेव्हा तुझा भाऊ ‘आत्या झोपली’ म्हणून सांगतो, ते मी जागी राहून ऐकत असते.

गुडघे धरल्यापासून काजूच्या कारखान्यातलं माझं काम सुटलं. मंगेशच्या हाताकडे किती बघायचं, म्हणून निराधारांच्या पेन्शनचा अर्ज केला. त्याला पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला लागतो. मी निर्धास्त होते. यजमान गेले आणि मी गोव्यातल्या पेडण्याहून माहेरी आले, तेव्हा तू पाचवीत होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या. तुझे बाबा, माझा भाऊ, अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं सगळं मीच केलं. मी इथली नाही तर कुठली?

चौकशीला तलाठी आले. मंगेशने त्यांना खुर्ची दिली, शहाळं फोडून दिलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं, “त्यांचं घर गोव्यात आहे. इथे अधूनमधून येतात.” मी दारातच उभी होते. बोलायला गेले, तर वयामुळे यांना काही आठवत नाही, असं हसत म्हणाला. मग तलाठ्यांनी समोरच्या महादूला विचारलं. त्याने मान वर न करता “माका म्हायत नाय” म्हटलं आणि तो घरात गेला.

कारण मागाहून कळलं. आपलं घर आणि माडांची बाग हॉटेलवाल्यांना हवी आहे, पण घर मोकळं हवं. मी इथे राहते असं सरकारी कागदावर आलं, तर व्यवहार अडतो. महादूच्या मुलाला तिथे नोकरी कबूल झाली आहे.

मंगेश माझ्यावर एकदाही ओरडला नाही. त्याचीच मला भीती वाटते. रेशनकार्डावरून नाव गेलं, मग माझी खाट मागे लाकडांच्या खोपीत गेली. दोरीवर माझं लुगडं दिसलं की त्याची बायको ते ओलंच काढून आत नेते. कोणी आलं की मला खोपीतून बाहेर येऊ देत नाहीत.

परवा वाडीतली रुक्मिणी मागच्या परसात फुलं तोडायला आली. मला बघून ती दोन पावलं मागे सरली. “तू हंयच आसस? मंगेश सांगी होतो, तू पेडण्याक गेलंस म्हणान.” म्हणजे गावापुरती मी केव्हाच गेले आहे.

रविवारी गाडी येणार आहे. कुठे न्यायचं आहे, असं मी विचारलं. मंगेश शांतपणे म्हणाला, “तुझ्या घराक.” पेडण्याचं घर दिरांनी कधीच विकलं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

रुक्मिणी उद्या कणकवलीला येते आहे, ती हे तुझ्या हातात देईल. पेन्शन मिळो न मिळो. रविवारच्या आत तू ये, आणि आत्या इथेच राहते, एवढं चार माणसांत सांग. तुला उशीर झाला, खोपी रिकामी दिसली आणि मंगेश म्हणाला की आत्या आपल्या पायांनी गेली, तर ते खरं मानू नकोस, बाय. मला बेड्यापर्यंत, आपल्या अंगणाच्या फाटकापर्यंतही धड चालवत नाही.

तुझीच,
शेवंती आत्या